सायकलचा रिम आणि खाडीचा धक्का : प्रकल्प नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

मासा गेला. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे बाकीचं शांतपणे लिहिता येईल.

पहाटे चारला कोथरूडहून निघालो, मी आणि मेव्हणा. पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत बाणकोटच्या खाडीवर पोचेपर्यंत साडेआठ झाले. ही खाडी म्हणजे महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या सावित्रीचं मुख, अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी, मधे बागमांडला-वेश्वी फेरीबोट. आमचा धक्का फेरीबोटीपासून बराच आत आहे, लहानसा, जुना, आणि त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तिथे चार जण उभे राहिले की पाचव्याला जागा नाही.

पोचलो तेव्हा पाणी नुकतं चढायला लागलेलं. खडकांवरून कालवं (खडकाला चिकटलेले धारदार शिंपले) काढणाऱ्या बायका पाटी डोक्यावर घेऊन परत निघाल्या होत्या. धक्क्यावर एकटे चाचा, त्यांचा तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला, रॉड नाही, रील नाही, एक शिशाचा गोळा आणि एक गळ, आमिष म्हणजे जिवंत कोलंबी. आमच्याकडे मात्र आठ फुटी रॉड, चार हजार साइजचं रील, वीस पौंडाची ब्रेडेड लाइन (मेव्हणा अजूनही त्याला ब्रेड म्हणतो, बटर आणू का विचारतो), रबरी मासे सात रंगांत.

अकराच्या सुमाराला रबरी मासा खांबाजवळून ओढत होतो आणि कुणीतरी दार आपटावं तसा झटका बसला. जिताडाच. एकदा पूर्ण पाण्याबाहेर आला, चंदेरी, तोंड उघडं, डोकं झटकत. पाच-सात मिनिटांत दमवला, धक्क्याखाली आणला. आणि मग खाली बघितलं तर आम्ही पाण्यापासून दोन मीटर उंच. "दाजी उचला, उचला!" मेव्हणा ओरडला आणि मी उचलला. अर्ध्यात आला, एकदा डोकं हलवलं, लाइन काँक्रीटच्या कडेला चिकटलेल्या कालवांवरून घासली, टक्कन् आवाज. बास.

मी म्हणलं तीन किलोचा तरी असेल. चाचा म्हणाले दोन. मग थोडं थांबून, "एवढा भारी रॉड आणलात पुनेकर, पण मासा काय स्वतः जिना चढून येनार काय?"

निघायच्या आधी दोरीला दगड बांधून मोजलं. दीड वाजता, भर भरतीला, कडेपासून पाणी सव्वा मीटर खाली. संध्याकाळी सहानंतर, गाडीत सामान भरून झाल्यावर, परत मोजलं तर साडेतीन मीटरच्या वर. म्हणजे एका दिवसात हा धक्का आपली उंची जवळपास अडीच मीटरने बदलतो.

२० ऑक्टोबर, रविवार

लाइन वीस पौंडाची म्हणजे नऊ किलो धरते, मासा दोन-तीन किलोचा, मग तुटली का, यावर रात्रभर डोकं चाललं. कारणं एक नाही. पाण्यात असताना पाणीच त्याचं वजन पेलतं, हवेत आला की सगळा भार लाइनवर. त्यात तो झटका मारतो तेव्हा भार क्षणभर कितीतरी पट होतो. गाठीत लाइनची ताकद आधीच कमी झालेली असते. वर कालवांची धार. आणि जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण ब्लेडसारखं असतं, म्हणून पुढे जाड लीडर, म्हणजे गळाआधीचा जाड लाइनचा तुकडा, लावावा लागतो, मी लावला होता तो चाळीस पौंडाचा, पण कालवांपुढे तोही दोरा.

म्हणजे उपाय जाड लाइन नाही, उपाय म्हणजे लाइनने उचलायचंच नाही. खाली दोरीने जाळं सोडायचं, मासा जाळ्यात आणायचा, दोरी ओढायची. विकत मिळतं असलं जाळं, पण बाहेरून मागवायचं तर किंमत बघून बायको म्हणाली एवढ्या पैशात वर्षभर गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून सुरमई येईल. बरोबरच आहे तिचं. तर स्वतः बनवायचं. प्रकल्पाचं नाव: रिंग.

२७ ऑक्टोबर, रविवार

रिंग नं. १. वायरिंगचा पंचवीस एमएमचा पीव्हीसी पाइप, दोन मीटर, गॅसवर शेकत शेकत गोल केला, टोकं कपलरने चिकटवली. गोल म्हणजे बटाटा जितका गोल असतो तितका. व्यास साधारण ६४ सेंटिमीटर. खाली बाल्कनीतून उतरवलेलं हिरवं शेडनेट शिवलं, तीन बाजूंनी दोऱ्या, वर एका कडीत बांधल्या. आई बघून म्हणाली, "हे कबुतरांसाठी का?"

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. गेलो नाही, आणि ज्याला प्रश्न पडेल जायला काय झालं होतं त्याने लग्न केलेलं नाही.

घरी बसून फ्रीजवरच्या कॅलेंडरवर भरतीचा हिशोब मांडला. किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे, चाचांनीच सांगितला: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जे येईल ती भरतीची वेळ. आज प्रतिपदा, म्हणजे पाऊण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ॲपशी ताडून बघितलं तर पंधरा-वीस मिनिटांचा फरक, त्या पलीकडे नाही. ॲपला नेटवर्क लागतं, खाडीत ते नसतं, तिथी मात्र सगळीकडे असते.

पण आमची खरी भानगड वेगळीच निघाली. चंद्र रोज जरा उशिरा येतो म्हणून भरतीही रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत झाले साडेतीनशे मिनिटं, म्हणजे जवळजवळ सहा तास. म्हणजे या शनिवारी दुपारी भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळेला ओहोटी, त्याच्या पुढच्या शनिवारी परत भरती. वर पुनव-अवसेला उधाण, पाणी खूप चढतं-उतरतं, जोरात पळतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. आत्ता माझे शनिवार असे पडलेत की एक उधाणाचा, एक भांगाचा, एक उधाणाचा, एक भांगाचा. ऑफिसवाल्या माणसाला चंद्राने एक आड एकच शनिवार दिलाय आणि त्यातला एक आज पाडव्यात गेला. (गिफ्ट म्हणून साडी घेतली. रॉडपेक्षा महाग पडली.)

९ नोव्हेंबर, शनिवार

माहीत असून गेलो. अष्टमी, भांग. मेव्हण्याला सुट्टी याच शनिवारी होती आणि रिंग टेस्ट करायची होती.

दुपारी बाराला पूर्ण ओहोटी असूनही पाणी फारसं उतरलेलं नाही, कालवांचे खडक अर्धे पाण्यातच, बायकाही आलेल्या नाहीत. त्यांना कॅलेंडर लागत नाही. धक्क्याखाली पाणी तळ्यासारखं. रबरी मासा ओढून ओढून हात दुखले. शेवटी चाचांसारखी कोलंबी लावून तळाला सोडली तर शेंगट्या लागायला लागल्या, वीतभर एकेक. तिसरी शेंगटी गळातून सोडवताना मेव्हण्याच्या अंगठ्यात काटा घुसला. शेंगटीच्या पाठीवर एक आणि बाजूला दोन काटे असतात, विषारी, जीव जात नाही पण माणूस नाचतो. चाचांनी टपरीवरून गरम पाणी आणायला लावलं, सोसेल तितकं गरम, त्यात अंगठा बुडवून बस म्हणाले. ते विष उष्णतेनं मोडतं, अर्ध्या तासात तो हसायला लागला. आता पक्कड किटमध्ये, कायमची.

रिंग नं. १ चं काय झालं ते एका ओळीत: तरंगली. पाइप दोन्ही बाजूंनी चिकटवलेला, आत हवा, जाळं पाण्यावर पसरलं आणि पूजेतल्या द्रोणासारखं हळूहळू धक्क्याखाली गेलं. मेव्हणा म्हणाला भोकं पाडा, पाणी भरेल. पाडली. अर्धी बुडाली, तिरकी. चाचा काही बोलले नाहीत, फक्त तोंड पलीकडे करून बसले, खांदे हलत होते.

१० नोव्हेंबर, रविवार

जुना बाजार. बुधवार-रविवार भरतो, पण सकाळी लवकर गेलं तरच माल मिळतो, अकरानंतर नुसती गर्दी. जुन्या अठ्ठावीसच्या सायकलचा लोखंडी रिम हवा होता. ॲल्युमिनियमचे भरपूर होते, ते हलके, नको. एका गाळ्यावर ढिगाखाली सापडला, गंजलेला, एका जागी जरासा आत दबलेला. दीडशे म्हणाला, मी ऐंशी, एकशेदहाला दिला. "कुठल्या सायकलला लावणार?" मी म्हणलं मासे धरायला. त्याने परत वर-खाली बघितलं आणि पैसे मोजून घेतले, दोनदा.

रिमचा फायदा असा की स्पोकची छत्तीस-चाळीस भोकं तयारच असतात, जाळं शिवायला वेगळं काही करावं लागत नाही. वजन दीड किलोच्या आसपास, सरळ बुडणार. पॉलिश पेपर मारला, रेडऑक्साइड मारलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसातून सुटून बोहरी आळी. सहा एमएमची नायलॉन दोरी बारा मीटर, स्टीलची कडी, चार लहान हूक. दुकानदार विहिरीसाठी का विचारत होता, हो म्हणून मोकळा झालो. दर मीटरला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली, म्हणजे खाली किती सोडलीय ते कळेल.

तीनऐवजी चार दोऱ्या केल्या. तीन दोऱ्यांवर एक जरी कमी-जास्त झाली तरी रिंग कलते, चारवर निदान सावरता येते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

उधाणाचा शनिवार. काल त्रिपुरी पौर्णिमा झाली, आज प्रतिपदा, भरती पाऊणला. नऊपासून पाणी नुसतं पळत होतं, खांबांच्या मागे भोवरे.

रिंग नं. २ सरळ बुडाली. पहिल्यांदा काहीतरी मनासारखं झालं म्हणून दोघं ओरडलो. आनंद दहा सेकंद टिकला. शेडनेट! विण इतकी बारीक की पाणी त्यातून जाईना, प्रवाहात जाळं फुगलं, पॅराशूट झालं, आणि रिंग मला धक्क्यावरून खाली ओढायला लागली. खोटं सांगत नाही, दोरी खांबाला वेढा घालून धरावी लागली. बाहेर काढताना बादलीभर पाणी जाळ्यात, गळत गळत वर आलं.

मासा? साडेअकराला एक तांबोशी लागली, लहान, अर्धा किलोही नसेल, ती तशीच लाइनने उचलली. फोटो काढून सोडून दिली. चाचांना ते पटलं नाही. "सोडायचीच होती तर धरली कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सगळं इंटरनेटवरचं होतं, त्यांच्यासमोर बोलायला जमलं नाही.

आज त्यांनी एक कामाची गोष्ट सांगितली, ती जशीच्या तशी: पाणी चढतं तेव्हा मासा हिंडतो, पाणी फिरतं तेव्हा मासा खातो. फिरणं म्हणजे भरती संपून ओहोटी लागते ती वेळ. ओहोटी लागली की आतल्या खाजणातलं, कांदळवनातलं पाणी बाहेर निघतं, त्याच्याबरोबर कोलंबी आणि बारीक मासळी वाहत येते आणि जिताडा खांबाच्या आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. त्याला पोहायची गरज नाही, डबा दारात येतो. आम्ही आत्तापर्यंत दर वेळी भरती झाली की डबे उघडून जेवायला बसत होतो. मासा आणि आम्ही, जेवायची वेळ एकच.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो, मग शाई लागलेल्या बोटाने शेडनेट उसवलं. नवीन जाळं सोसायटीच्या जुन्या क्रिकेट नेटमधून, जे गच्चीवर दोन वर्षं पडून होतं (सेक्रेटरींना सांगितलंय, लेखी नाही). विण दीड इंचाची, पाणी सरळ आरपार. खोली ५० सेंटिमीटर ठेवली, कमी ठेवली तर मासा उडी मारून बाहेर, जास्त ठेवली तर परत पॅराशूट.

एकच शंका आहे, रबरी माशाला तीन-तीन टोकांचे गळ असतील तर ते जाळ्यात अडकणार आणि मासा झटका मारून सुटणार. म्हणून फक्त एकेरी गळाचे घेतलेत.

संध्याकाळी टेकडीवर जाऊन फेकायची प्रॅक्टिस, गळ काढून, नुसतं शिसं बांधून. फिरायला आलेले एक आजोबा पाच मिनिटं बघत उभे. मग म्हणाले, "इथे पाणी लागायला बरंच खाली जावं लागेल."

२३ नोव्हेंबर, शनिवार

भांग. गेलो नाही. निवडणुकीचा निकाल होता, दिवसभर टीव्ही. रिमला दुसरा हात रंगाचा.

३० नोव्हेंबर, शनिवार

चतुर्दशी. चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा. ताम्हिणीत इतकी थंडी की काचा बंद करूनही हात मांडीखाली. सव्वाआठला धक्क्यावर.

आज ठरवून घाई केली नाही. डबा साडेनऊलाच खाऊन घेतला. रिंगची रंगीत तालीम दोनदा केली, मेव्हणा दोरीवर, मी रॉडवर. नियम त्याला तोंडपाठ करायला लावला: रिंग आधी पाण्यात, अर्धा मीटर खोल, आणि मग हलवायची नाही. जाळं माशाकडे न्यायचं नाही, मासा जाळ्यावर आणायचा. आणि "उचला" हा शब्द आज बंद.

साडेदहाला पाणी थांबलं. खरंच थांबतं, एक वाळका माडाचा झाप धक्क्यासमोर दहा-बारा मिनिटं एका जागी उभा होता, मग जरासा थरथरला आणि समुद्राच्या दिशेने निघाला. घड्याळात पावणेअकरा. चाचांनी कोलंबी बदलली आणि पहिल्यांदाच उठून उभे राहिले.

पाचव्या की सहाव्या फेकीला, दुसऱ्या खांबाच्या मागच्या भोवऱ्याच्या कडेला, तोच झटका. या वेळी मी रील घट्ट केलं नाही, पळू दिला. खांबाकडे वळला तेव्हा रॉड पाण्याच्या दिशेने वाकवून आडवा ओढला, एकदा लाइन कशाला तरी घासल्यासारखी खरखर हाताला जाणवली आणि पोटात गोळा आला, पण सुटली. दोनदा उडी. मग कूस दाखवली. मेव्हण्याने रिंग सोडलेली होती, लाल टेप दोनवर, तो पुतळ्यासारखा उभा, श्वाससुद्धा घेत नसावा. मासा रिंगवर आणला आणि रॉड खाली केला तेव्हा तो स्वतःच डोकं खाली करून जाळ्यात शिरला. चाचाच ओरडले, "घे!"

दोरी वर आली, रिम, रिममधे जिताडा, दोन किलो सातशे, चाचांच्या ताणकाट्यावर. सोनेरी डोळा उजेडात तांबूस चमकत होता. मेव्हण्याच्या दोन्ही तळव्यांवर दोरीचे वळ, ग्लोव्हज लिहून ठेवले.

एक गोष्ट वाचली होती ती तिथे आठवली: जिताडे सगळे आधी नर असतात, वाढून मोठे झाले की मादी होतात, आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी अंडी घालतात. म्हणजे फार मोठा लागला तर ती सगळ्या खाडीची आई. आपला हा त्या मानाने पोरगा. घरी न्यायला मन तयार झालं. चाचा म्हणाले, हां, आता बरोबर.

डोकं चाचांना दिलं, तेच मागितलं त्यांनी, कालवणाला डोकंच लागतं म्हणाले. बाकी बर्फात घालून पुण्याला. आईने तुकड्या बघितल्या, वास घेतला, आणि म्हणाली हा बाजारातला नाही. एवढंच.

१ डिसेंबर, रविवार

राहिलेली कामं: कडीजवळच्या दोन गाठी सरकल्यात, परत मारायच्या. जिथे रिम दबलेला आहे तिथे रंग उडाला, गंज सुरू. दोरी आठ एमएमची हवी. गाडीच्या डिकीला वास आहे, बायकोने व्हिनेगर सुचवलंय, सुचवलंय म्हणजे आणून ठेवलंय.

रिंग मात्र माझ्याकडे नाहीये. निघताना चाचांनी ती हातात घेऊन फिरवून बघितली, चारी दोऱ्या ताणून बघितल्या आणि म्हणाले, "अवस आहे, चिंबोऱ्या भरलेल्या असतील. आठवडाभर राहू दे हितं." चिंबोऱ्या म्हणजे खेकडे. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

३ डिसेंबर, मंगळवार

दुपारी मीटिंगमधे असताना चाचांचा मिस्ड कॉल. परत केला. मधोमध माशांची डोकी बांधून रिंग रात्री सोडली होती, पाच चिंबोऱ्या, दोन अर्ध्या किलोच्या वर. खूश होते. रिंग परत कधी देणार हे मी विचारलं नाही आणि त्यांनी काढलं नाही.

पुढचा उधाणाचा शनिवार चौदा तारखेला, परत चतुर्दशी, परत साडेदहा. उद्या बुधवार आहे, सकाळचा हाफ डे टाकलाय. जुन्या बाजारात अजून एक रिम लागेल.